हसू सरले, भाग उरले

दि. २८ जुलै २००८ रोजी सब वाहिनीवर ‘तारक मेहता का उल्टा चष्मा’ ही मालिका सुरू झाली, तेव्हा हिंदी दूरचित्रवाणीवर सासू-सुनांच्या कटकारस्थानांचे राज्य होते. आठ वर्षे चाललेली ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात संपली, पण तिने रुजवलेली भडक दागिन्यांची, विषप्रयोगांची आणि पुनर्जन्मांची परंपरा तशीच पुढे चालू राहिली. आजी-आजोबा आणि नातवंडे एका पंगतीत जेवायला बसली असताना निःसंकोचपणे लावावा असा कार्यक्रम शोधूनही सापडत नव्हता. अशा वेळी गोरेगावच्या पावडर गल्लीतील एका काल्पनिक सोसायटीने मध्यमवर्गीय घरांत प्रवेश केला आणि रात्री साडेआठची वेळ पाहता पाहता आपलीशी केली.

या यशाचे रहस्य अनाकलनीय नव्हते. मालिकेचा पाया भक्कम होता. तारक मेहता यांनी १९७१ सालापासून ‘चित्रलेखा’ या गुजराती साप्ताहिकात ‘दुनियाने ऊंधा चश्मा’ हे सदर लिहिले. जेठालाल, दया, टपू आणि चंपकलाल ही मंडळी त्या सदरातून आलेली. कोणाचाही द्वेष न करणारा, माणसाच्या स्वभावातील विसंगतीवर बोट ठेवणारा तो निर्मळ विनोद होता. या कार्यासाठी मेहता यांना २०१५ साली पद्मश्रीने गौरविण्यात आले आणि १ मार्च २०१७ रोजी त्यांचे निधन झाले. मालिकेला हे भांडवल आयते लाभले होते. त्यात दिलीप जोशी, दिशा वकानी, अमित भट्ट यांच्यासारख्या रंगभूमीवर तावून सुलाखून निघालेल्या कलावंतांची जोड मिळाली.

गोकुळधाममध्ये गुजराती दुकानदार होता, मराठी शिक्षक होता, पंजाबी गॅरेजवाला, तमिळ शास्त्रज्ञ आणि त्याची बंगाली पत्नी होती. भोपाळचा पत्रकार होता आणि कोपऱ्यावर अब्दुलचे दुकान होते. गणेशोत्सव, नवरात्र, होळी, लोहडी, ईद हे सारे एकाच अंगणात साजरे होत. राष्ट्रीय एकात्मतेवरील शेकडो रटाळ माहितीपटांना जे जमले नाही, ते या सोसायटीच्या अंगणाने सहज साधले. साठी उलटलेला चंपकलाल हा त्या घरात अडगळ नव्हता. त्याच्या एका हाकेसरशी चाळिशीचा जेठालाल ताठ उभा राहत असे आणि त्या दृश्यात हास्याबरोबरच एका जुन्या मर्यादेची आठवण असे. २ ऑक्टोबर २०१४ रोजी स्वच्छ भारत अभियानाच्या प्रारंभी पंतप्रधानांनी ज्या नऊ जणांना आवाहन केले, त्यांत या मालिकेच्या चमूचाही समावेश होता. समाजमनावर या मालिकेची पकड किती होती, याची याहून वेगळी साक्ष ती कोणती हवी?

म्हणूनच आज या मालिकेची जी दशा झाली आहे, तिच्याविषयी स्पष्ट बोलणे भाग आहे. जी मालिका प्रारंभापासूनच टाकाऊ होती, तिच्या ऱ्हासाची दखल घेण्याचे कारण नसते. जिने लाखो कुटुंबांचा विश्वास संपादन केला, तिने त्या विश्वासाचे काय केले, हा प्रश्न मात्र विचारलाच पाहिजे.

ऱ्हासाचे खापर बहुतेक वेळा कलावंतांच्या जाण्यावर फोडले जाते. ते अर्धसत्य आहे. कवी कुमार आझाद २०१८ साली गेले, घनश्याम नायक २०२१ साली गेले. मृत्यूपुढे कोणाचा इलाज चालत नाही. २०१७ साली भव्य गांधी, २०२० साली नेहा मेहता, २०२२ साली शैलेश लोढा अशी एकेक मंडळी मालिकेबाहेर पडली आणि त्यांच्या जागी नवे चेहरे आले. इतक्या वर्षांच्या प्रवासात हे घडणारच. सशक्त लेखन असेल तर नट बदलला तरी पात्र टिकते. रंगभूमीवर एकच भूमिका पिढ्यान्‌पिढ्या वेगवेगळे नट करीत आले आणि प्रेक्षकांनी त्यांना स्वीकारलेही. गोकुळधाममध्ये नट बदलले हे दुखणे नाही. पात्रे आतून पोकळ झाली, हे खरे दुखणे आहे.

आत्माराम भिडे हेच उदाहरण घ्यावे. प्रारंभीचा भिडे हा शिस्तीचा, विद्यादानाचा अभिमान बाळगणारा, फळ्यावर रोज सुविचार लिहिणारा आणि तुटपुंज्या मिळकतीत स्वाभिमानाने संसार करणारा शिक्षक होता. त्याची पत्नी माधवी लोणची-पापडांचा व्यवसाय करून त्या संसाराला हातभार लावीत होती. त्यांच्या काटकसरीत मराठी मध्यमवर्गाला आपलेच प्रतिबिंब दिसे आणि त्यावर तो वर्ग मनापासून हसे. हळूहळू त्या काटकसरीचा कंजूषपणा झाला, शिस्तीचा चिडखोरपणा झाला आणि उरला तो ‘एकमेव सेक्रेटरी’ म्हणून मिरवणारा, ‘आमच्या जमान्यात’ हे पालुपद आळवणारा आणि ‘सखाराम’ नावाच्या स्कूटरला जपणारा एक ठोकळा. पोपटलालचे लग्न हे तर अक्षय्य भांडवलच ठरले. स्थळ येते, आशा पालवते, ऐनवेळी विघ्न उपटते, सोसायटी हळहळते. पहिल्यांदा यात करुण विनोद होता. दहाव्यांदा तो एका माणसाच्या एकाकीपणाचा बाजार वाटू लागतो.

याहून गंभीर प्रकार दयाबेनच्या बाबतीत घडला. दिशा वकानी २०१७ साली प्रसूतीच्या रजेवर गेल्या आणि परतल्या नाहीत. मातृत्वाला प्राधान्य देण्याचा त्यांचा निर्णय सर्वथा आदरास पात्र आहे. आक्षेप आहे तो मालिकेच्या वर्तनावर. गेली कित्येक वर्षे दया अहमदाबादेत माहेरी आहे आणि ‘आता येणार, आता येणार’ अशी हूल प्रेक्षकांना पुनःपुन्हा दिली जाते. २०२३ च्या अखेरीस अशाच एका फसव्या आगमनानंतर प्रेक्षकांचा संयम सुटला आणि मालिकेवर बहिष्काराची भाषा उघडपणे बोलली गेली. आपल्या प्रेक्षकाच्या जिव्हाळ्याचा आमिष म्हणून वापर करणे याला विनोद म्हणत नाहीत. ती वंचना आहे. शिवाय या हट्टापायी मूळ कथेचेच किती नुकसान झाले! जेठालालच्या घराचा डोलारा नवरा-बायको, मुलगा आणि वडील या चार खांबांवर उभा होता. त्यातील गृहिणीचा खांबच वर्षानुवर्षे नाहीसा झाला आणि तिची जागा भरण्याचे किंवा तिच्या अनुपस्थितीला प्रामाणिकपणे सामोरे जाण्याचे धैर्य कोणी दाखविले नाही.

मूळ व्याधी कोणती? ती गणिताची आहे. तारक मेहता आठवड्याला एक लेख लिहीत, म्हणजे वर्षाला बावन्न. मालिका बराच काळ आठवड्यातून पाच दिवस होती, पुढे शनिवारही जोडला गेला. म्हणजे वर्षाला अडीचशे ते तीनशे भाग. विनोद हा काटेकोर, नेटका प्रकार आहे. त्याला पसारा मानवत नाही. मग एका भागाचे कथानक पंधरा भागांवर ताणले जाते. एखादा संवाद झाला की प्रत्येक पात्राचा चेहरा तीन-तीन वेळा दाखविला जातो, त्यावर ठरावीक ध्वनी आदळले जातात आणि वेळ मारून नेली जाते. मध्येच एखादा चित्रपट-तारा आपल्या चित्रपटाची जाहिरात करण्यासाठी सोसायटीत अवतरतो. सामाजिक संदेश पूर्वी कथेतून झिरपत असे, तो आता पात्रांना ओळीने उभे करून प्रवचनासारखा ऐकविला जातो. ज्यांना हसवता येत नाही, ते उपदेश करू लागतात.

लेखनातील ही बेफिकिरी किती खोल गेली होती, हे मार्च २०२० मध्ये उघड झाले. मुंबईची भाषा हिंदी आहे, असे विधान एका भागात चंपकलालच्या तोंडी घालण्यात आले. त्यावर महाराष्ट्रात संतप्त प्रतिक्रिया उमटली आणि निर्माते असितकुमार मोदी यांना माफी मागावी लागली. जी मालिका गोरेगावात घडते, जिच्यात एक मराठी कुटुंब पहिल्या दिवसापासून नांदते आहे, तिच्या लेखकांना आपल्या पायाखालची भूमीही आठवू नये? हा दुष्टावा नव्हता हे मान्य केले तरी रोजच्या रतिबाच्या घाईत संहिता डोळ्यांखालून घालायलाही कोणाला सवड नव्हती, एवढे निश्चित.

यावर दोन उत्तरे हमखास दिली जातात. पहिले असे की लोक पाहतात म्हणून मालिका चालते. २०२५ साली भुताच्या बंगल्याचे कथानक आले आणि लोकप्रियतेच्या साप्ताहिक यादीत मालिका थेट पहिल्या क्रमांकावर पोहोचली, याचा दाखला यासाठी दिला जाईल. पण हा दाखला कशाचा आहे? प्रेक्षकांना अजूनही एकत्र बसून काही पाहायचे आहे आणि त्यांना दुसरा पर्याय नाही, याचा. चार हजारांहून अधिक भागांची सवय आणि गुणवत्ता या दोन भिन्न गोष्टी आहेत. दुसरे उत्तर असे की मालिकेवर अनेक कुटुंबांची चूल पेटते. हे उत्तर तुच्छतेने उडवून लावण्याजोगे नाही. तथापि, रोजगार टिकविण्याचा मार्ग दर्जा घसरविणे हा नव्हे. तेच तंत्रज्ञ, तेच कलावंत आठवड्यातून दोन नेटके भाग करू शकतात किंवा नवी, ताजी मालिका उभारू शकतात.

थांबणे ही कला आहे आणि मराठी विनोदाला ती अवगत आहे. पु. ल. देशपांडे यांनी ‘बटाट्याची चाळ’ चिंतनाशी आणून थांबविली. चाळीवर प्रेम होते म्हणूनच तिला रबरासारखी ताणली नाही. चिं. वि. जोशी यांचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ दूरदर्शनवर आले, घराघरांत पोहोचले आणि ओसरण्यापूर्वी निघून गेले. दिलीप प्रभावळकर यांच्या ‘अनुदिनी’वरून केदार शिंदे यांनी २००१ साली ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ ही मालिका आणली. तीन पिढ्यांचे साधे घर, आठवड्याला एक भाग आणि अवघ्या काही वर्षांत समाप्ती. आजही मराठी घरांत आबांचे नाव निघाले की चेहऱ्यावर स्मित उमटते. त्या स्मिताला कंटाळ्याची किनार नाही, कारण टिपरे कुटुंबाने निरोप वेळेवर घेतला.

येथे केवळ एका मालिकेचे भवितव्य पणाला लागलेले नाही. घरातील तीन पिढ्या एकाच गोष्टीवर एकाच वेळी हसतात, तेव्हा त्या घरात एक समान भाषा तयार होते. आजोबा आणि नातू यांच्यातील अंतर त्या हसण्याने मिटते. गोकुळधामने ही संधी दिली होती. आज आजोबा सवयीने जुनाच तमाशा पाहतात, नातू हातातील मोबाईलमध्ये बुडालेला असतो, सून स्वयंपाकघरातून आवाज तेवढा ऐकते. खोली एक, पण पंगत मोडलेली. ज्या घरात एकत्र हसणे संपते, तेथे एकत्र बोलणेही फार काळ टिकत नाही.

निर्मात्यांनी जागे व्हावे ही अपेक्षा रास्त असली, तरी तिच्यावर विसंबून राहणे शहाणपणाचे नाही. जोवर साडेआठ वाजता दूरचित्रवाणी संच आपोआप लागतो, तोवर बदलाची गरज कोणाला भासेल? सवय मोडण्याचा अधिकार प्रेक्षकाचा आहे आणि तो त्याने बजावला पाहिजे. मराठी कुटुंबांजवळ पर्यायांची वाण नाही. चिमणरावांच्या कथा कपाटात आहेत, पुलंची चाळ आहे. ज्यांना गोकुळधामचाच लळा आहे, त्यांच्यासाठी पहिल्या काही वर्षांचे भागही उपलब्ध आहेत आणि ‘गोकुळधामची दुनियादारी’ या नावाने ते मराठीतही आले. आठवड्यातील एक संध्याकाळ संच बंद ठेवून घरातील कोणी एकाने मोठ्याने वाचावे, इतरांनी ऐकावे आणि हसावे. विनोदाला लागणारे साहित्य एवढेच असते: एक चांगली गोष्ट आणि ती ऐकणारी चार जिव्हाळ्याची माणसे. ही चार माणसे अजून घरात आहेत, तोवरच हे करायला हवे.