‘छान’ म्हणून थांबू नका



एखाद्या बाईने वर्षानुवर्षं जपून लिहिलेली गोष्ट आपल्यापुढे ठेवली, तर आपण काय बोलावं? माझं मत सरळ आहे. ‘छान आहे हं’ म्हणून सुटका करून घेऊ नये आणि न वाचता ‘हे आपल्यात चालत नाही’ असंही म्हणू नये. आधी वाचावं आणि मन जिथे अडलं तिथे विचारावं. हे लिहायचं कारण या चातुर्मासात आमच्या कुंभवलीत घडलं.

माझ्याकडे एक कथा नऊ वर्षं पडून होती. खरं तर पडून नव्हती, वाढत होती. आपलं जेवण सूर्यास्ताआधी उरकतं, भांडी आवरली की संध्याकाळ लांब मिळते. घरातला माणूस तारापूर एमआयडीसीत दुसऱ्या पाळीला असेल, तर आणखीच लांब. त्या वेळात जुन्या डायऱ्यांच्या कोऱ्या पानांवर मी वसंतमालेची गोष्ट लिहीत गेले.

वसंतमाला तुम्हाला माहीत आहे. अंजना सतीची सखी. लग्न होऊनही पवनंजयाने २२ वर्षं अंजनेचं तोंड पाहिलं नाही. मग युद्धाला निघालेला तो वाटेतून गुपचूप परतला, तिला भेटला आणि पुन्हा निघून गेला. पुढे अंजनेला दिवस गेलेले पाहून सासू केतुमतीने तिला घराबाहेर काढलं, माहेरच्यांनीही दार लावलं. तेव्हा रानात तिच्याबरोबर कोण गेलं? एकटी वसंतमाला. गुहेत हनुमानाचा जन्म झाला तेव्हाही जवळ तीच होती. पुराण अंजनेचं आहे, हनुमानाचं आहे. वसंतमालेला काय वाटलं, हे कुणी फारसं विचारत नाही. मला तेच विचारावंसं वाटलं.

माझी लेक म्हणाली, “आई, याला फॅन फिक्शन म्हणतात.” आवडत्या गोष्टीतली पात्रं घेऊन चाहत्यांनी पुढची, मागची किंवा बाजूची गोष्ट लिहायची. जगभर लाखो लोक, त्यांत पुष्कळ बायका, असं लिहितात. अशा कथा जपून ठेवणाऱ्या ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ या संकेतस्थळाला २०१९ साली ह्यूगो पुरस्कारही मिळाला. नाव नवीन आहे, पण हौस जुनी. आपल्या मराठीत शिवाजी सावंतांनी ‘मृत्युंजय’मध्ये कर्णाला बोलतं केलं, रणजित देसाईंनी ‘राधेय’मध्ये तोच कर्ण वेगळ्या डोळ्यांनी पाहिला. वि. स. खांडेकरांनी महाभारतातल्या एका उपाख्यानातून ‘ययाति’ उभी केली आणि तिला १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. इरावतीबाई कर्व्यांनी ‘युगान्त’मध्ये द्रौपदी, गांधारी, कुंती यांना माणूस म्हणून तपासलं. त्या पुस्तकांशी माझ्या डायऱ्यांची बरोबरी नाही, पण वाट तीच आहे.

तर चातुर्मासात, दुपारी दोन ते चार, आमच्या घरी आठवड्यातून एकदा मी ही कथा वाचायला लागले. ज्यांना येणं जमत नव्हतं त्यांना पानांच्या झेरॉक्स दिल्या. मग एकेकीची मतं येऊ लागली.

बहुतेकींचं मत होतं, ‘खूप छान, ताई.’ सोबत हात जोडल्याचं चित्र. यात प्रेम आहे, मी ते नाकारत नाही. पण नऊ वर्षांच्या लिखाणापुढे ‘छान’ हा शब्द म्हणजे पाहुणीला दारातूनच निरोप देण्यासारखं आहे. तिला आत बोलवायचं तर काहीतरी विचारावं लागतं.

ज्यांनी विचारलं, त्यांचे प्रश्न ऐका. बोईसरहून येणाऱ्या, बालवाडीत शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई म्हणाल्या, “गुहेत त्या दोघींनी पाणी कशाने गाळलं?” सगळ्या हसल्या, पण प्रश्न अस्सल जैन स्वयंपाकघरातला होता. घर सुटलं म्हणून व्रत सुटतं का? त्या एका प्रश्नातून माझ्या कथेत दोन नवी पानं आली. वसंतमाला स्वतःच्या वस्त्राचा पदर फाडते, दुहेरी घडी करून झऱ्याचं पाणी गाळते आणि उरलेली जिवाणी हलक्या हाताने पुन्हा झऱ्यात सोडते. ज्यांना माणसांनी घराबाहेर काढलं, त्या दोघी पाण्यातल्या जिवालासुद्धा त्याच्या घरी परत पोचवतात. हे मला एकटीला सुचलं नसतं.

दुसरा प्रश्न दोनच वर्षांपूर्वी लग्न होऊन आलेल्या एका सुनेचा. ती म्हणाली, “काकू, केतुमतीला एक पान द्या ना. जो मुलगा २२ वर्षं बायकोकडे फिरकला नाही, तो एका रात्रीत येऊन गेला, यावर कुठली आई विश्वास ठेवेल?” जमलेल्या सासवा गप्प झाल्या. सासूची बाजू मांडायला एक सून उभी राहिली! त्यानंतर अर्धा तास कुणी माझ्या भाषेबद्दल बोललं नाही. बायका संशयाबद्दल बोलत होत्या, घरात न बोलल्या जाणाऱ्या गोष्टींबद्दल बोलत होत्या. कथा वाचून दाखवायची ती यासाठीच.

तिसरं मत मात्र जड होतं. आमच्यातल्या एक ज्येष्ठ काकू, ज्यांच्या व्रतांपुढे आम्ही सगळ्या मान झुकवतो, शांतपणे म्हणाल्या, “जिनवाणीत आपल्या मनाचं घालू नये. हा अविनय होतो. वाचन थांबव.” त्या दिवशी पुढचं वाचन झालं नाही. घरी जाताना एक मैत्रीण माझ्या कानात म्हणाली, “माझ्याकडेही चंदनेवर लिहिलेली एक वही आहे. आता नाही बाई काढणार बाहेर.” मला स्वतःपेक्षा त्या वहीची काळजी वाटली.

काकूंचं म्हणणं मी झटकून टाकत नाही. त्यात अर्धं सत्य आहे आणि ते मोलाचं आहे. मराठीतलंच उदाहरण घ्या. ज्ञानेश्वरीच्या नकला होता होता तिच्यात पाठभेद शिरले, लोकांनी आपल्या ओव्याही घुसडल्या. संत एकनाथांनी १५८४ साली तो ग्रंथ शुद्ध केला आणि यापुढे कुणी त्यात आपली ओवी घालू नये, असं बजावून ठेवलं. ज्यांनी ओव्या घातल्या तेही ग्रंथाचे चाहतेच असतील. पण दुसऱ्याच्या ग्रंथात आपलं मिसळणं वेगळं आणि आपल्या वहीत आपल्या नावाने लिहिणं वेगळं. एकनाथांनी स्वतः भावार्थरामायण रचलं. रामकथा पुन्हा सांगायला त्यांची हरकत नव्हती, हरकत भेसळीला होती.

आणि पुन्हा सांगणं आपल्या परंपरेत किती आहे पाहा. विमलसूरींचं ‘पउमचरिय’ ज्या महाराष्ट्री प्राकृतात आहे, तिचं आपल्या मराठीशी रक्ताचं नातं आहे. त्या ग्रंथाची सुरुवात कशाने होते? श्रोत्याच्या शंकेने! राजा श्रेणिकाने रामकथा ऐकलेली असते, पण त्याला ती पटत नाही. वानरांनी बलाढ्य राक्षसांना कसं मारलं, कुंभकर्ण सहा-सहा महिने कसा झोपला, असे प्रश्न घेऊन तो गौतम गणधरांकडे जातो. गणधर त्याला ‘शंका का घेतोस’ म्हणून गप्प करत नाहीत, कथा सांगायला बसतात. पुढे रविषेणाचार्यांच्या पद्मपुराणात सीता जनकाची कन्या आहे, तर गुणभद्राचार्यांच्या उत्तरपुराणात ती मंदोदरीच्या पोटची. दोन्ही ग्रंथ आपल्या कपाटात शेजारी शेजारी आहेत. जिनसेनाचार्यांचं अपुरं राहिलेलं महापुराण शिष्य गुणभद्रांनीच पूर्ण केलं, स्वयंभूंच्या ‘पउमचरिउ’चे शेवटचे संधी मुलगा त्रिभुवनाने लिहिले. आचार्यांची लेखणी आणि माझं बॉलपेन यांत मेरू आणि मोहरीचं अंतर आहे, हे मला ठाऊक आहे. तरी प्रश्न विचारणाऱ्या श्रोत्याला त्यांनी पहिल्याच पानावर जागा दिली, एवढं तर शिकता येतं.

म्हणून मी काकूंकडे गेले आणि तीन गोष्टी मान्य केल्या. पहिल्या पानावर ठळक लिहिलं की ही माझी कल्पना आहे, पुराण नव्हे. वाचन मंदिरात किंवा शास्त्राच्या चौकीवर कधीच होणार नाही, घरीच होईल. आणि कर्माचं फळ, अहिंसा, शील या तत्त्वांना कथेत धक्का लागणार नाही, मोकळ्या जागा तेवढ्या भरल्या जातील. काकू लगेच हो म्हणाल्या नाहीत. “पानं ठेवून जा, वाचते,” एवढंच म्हणाल्या. पण ‘थांबव’पासून ‘वाचते’पर्यंत त्या आल्या, हे मला पुष्कळ आहे.

आता तुम्हाला विनंती. तत्त्वार्थसूत्रात स्वाध्यायाचे पाच प्रकार सांगितले आहेत : वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय आणि धर्मोपदेश. वाचनेनंतर लगेच पृच्छना येते, म्हणजे विचारणं. आपण बायका वाचना आणि धर्मोपदेश यांत पटाईत, मधली पृच्छना मात्र भिडेपायी गाळतो. मैत्रिणीची कथा वाचलीत तर तिला निदान एक जागा सांगा जिथे डोळे भरले आणि एक जागा सांगा जिथे पटलं नाही. चूक दाखवायची तर एकटीला दाखवा, कौतुक चारचौघींत करा. ‘कुठून वेळ मिळतो गं तुला?’ हे मत नव्हे, टोमणा आहे.

लिहिणाऱ्या मैत्रिणींनाही सांगते. मत ऐकताना लगेच उत्तर देऊ नका, एक रात्र जाऊ द्या. आलेली मतं निवडायला घ्या, जसे तांदूळ निवडतो. पुराणातला तपशील चुकल्याचं कुणी सांगितलं, तर ग्रंथ उघडून पडताळा. ‘इथे कंटाळा आला’ असं तिघी वेगवेगळ्या दिवशी म्हणाल्या, तर ते पान छाटा. नुसती आवडनिवड असेल तर नम्रपणे ऐका आणि सोडून द्या. स्तुतीने फुगू नका, निंदेने वही मिटू नका. समभाव फक्त सामायिकाच्या ४८ मिनिटांपुरता नसतो.

चंदनेची ती वही अजून कपाटात आहे. तिच्या मालकिणीला मी दर आठवड्याला विचारते. तुमच्याही ओळखीत अशी एखादी वही असेल, साड्यांच्या घडीखाली किंवा डब्यांच्या मागे. मागून घ्या. वाचा. आणि ‘छान’च्या पुढचा एक तरी प्रश्न विचारा.

जय जिनेंद्र.