फडके मोजता की मुलीचा खेळ?

टाकवे बुद्रुक.

शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो, आमच्या मावळात बाया पदर खोचून, डोक्यावर इरले घेऊन भात लावतात; पुरुष पटका बांधून नांगर धरतात. कोणाचे काम अडले? मग मुलगी डोक्यास फडके बांधून मैदानात उतरली, की नियमाचा सोटा का उगारता?

सबब सांगतात इजेची. बास्केटबॉलच्या जागतिक संघाच्या स्पर्धेत २०१४ साली चीनमध्ये आपल्या शीख गड्यांना पगड्या उतरावयास लावल्या. त्याच संघाने २०१७ साली नियम बदलून शिरोवस्त्रास मोकळीक दिली. फुटबॉलवाल्यांनी तर २०१४ सालीच दिली होती. तेव्हा भय कापडाचे नव्हे, टाचणीचे व लोंबत्या टोकाचे. टाचणी काढा, टोक खोचा, खेळू द्या!

चेंबूरच्या एका कॉलेजाने हिजाब व टोपी बंद केली. सुप्रीम कोर्टाने ९ ऑगस्ट २०२४ रोजी ती बंदी थोपविली व विचारले, टिळा-टिकलीही बंद करणार काय? आमचाही हाच सवाल आहे. टिळा, गंडा, जानवे सोडून एकाचेच फडके मोजणारा नियम समतेचा नव्हे, सोवळ्याचा होय.

पोरीवर फडके लादणारा मुल्लाही आमचा सोयरा नव्हे. पण बंदीने त्याचे काय बिघडते? पोर घरी बसते, त्याला तेच हवे असते!

सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात. तेथे मुकाट्याने अंगठा उठवू नका. विचारा: हा नियम पोरीस जपतो की हाकलतो?