मॅच कुठे लागलीय?

टॉसला पाच मिनिटं उरली की बाबांचा फोन येणार म्हणजे येणार. मी लोकलमध्ये लटकलेली असो नाहीतर कुणाच्या इंटरव्ह्यूला बसलेली असो. हॅलो नाही, कशी आहेस नाही. डायरेक्ट प्रश्न: "मॅच कुठे लागलीय गं?"

"बाबा, मागच्या वेळी होती तिथेच!"

"मागच्या वेळी कुठे होती?"

पॉइंट आहे बाबांचा. गेल्या तीस वर्षांत या एका प्रश्नाचं उत्तर इतक्या वेळा बदललंय की त्यावर एखादी डेली सोप निघेल. कोर्ट, कारस्थानं, घटस्फोट, लग्न, सगळा मसाला आहे.

एपिसोड पहिला, १९९३. तोवर मॅच म्हणजे दूरदर्शन. दुसरा ऑप्शनच नव्हता. पण त्या वर्षीच्या हीरो कपचे प्रक्षेपणाचे हक्क बंगालच्या क्रिकेट असोसिएशनने टीडब्ल्यूआय या परदेशी कंपनीला विकले आणि सरकारी बाबूंचं डोकं सटकलं. प्रकरण थेट सुप्रीम कोर्टात. फेब्रुवारी १९९५ मध्ये निकाल लागला. खंडपीठात आपले मराठी न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. निकालाचा सार असा, की हवेतल्या लहरी कुणाच्या मालकीच्या नाहीत, ना सरकारच्या, ना कंपनीच्या. ती लोकांची मालमत्ता आहे. म्हणजे तुमची, माझी आणि बाबांचीसुद्धा. हे वाक्य लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

त्यानंतर गेम पूर्ण बदलला. जे विकता येत नव्हतं, ते विकता यायला लागलं. २००६ मध्ये निंबस कंपनीने भारतातल्या मॅचेससाठी चार वर्षांचे ६१.२ कोटी डॉलर मोजले आणि निओ स्पोर्ट्स नावाचा चॅनेल काढला. जानेवारी २००७ मध्ये वेस्ट इंडिजची टीम आली आणि फीड दूरदर्शनला द्यायचं की नाही यावरून पुन्हा कोर्ट. तोडगा काय निघाला, तर दूरदर्शनला मॅच मिळेल, पण सात मिनिटं उशिरा! मी तेव्हा शाळेत. आमच्याकडे नुसता अँटेना, समोरच्या बिल्डिंगमध्ये केबल. आमच्या टीव्हीवर बोलर अजून रनअप घेतोय आणि समोरून "आऊऊऊट!" कुणाची विकेट पडणार ते आधीच कळलेलं. बाबा उठून खिडकी लावायचे. भर उकाड्यात.

(आता मी ते मोबाइलवर अनुभवते. शेजारच्यांच्या टीव्हीवर सिक्स बसतो आणि माझ्या ॲपवर बॉल अजून बोलरच्या हातातच.)

त्याच वर्षी कायदा आला, की महत्त्वाच्या मॅचेसचं फीड प्रसार भारतीला द्यायलाच हवं. मग बाबा म्हणतात, "आता केबल आहे तर डीडीवर मॅच का दिसत नाही?" कारण २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की हे फीड दूरदर्शनच्या स्वतःच्या अँटेना आणि फ्री डिशपुरतंच. केबलवाल्याला ते फुकट दाखवता येणार नाही. आहे की नाही गंमत?

पण खरा तमाशा आयपीएलचा. सप्टेंबर २०१७, मुंबई. बंद पाकिटांतून बोली. टीव्हीसाठी सोनीचा आकडा सगळ्यात मोठा, ११,०५० कोटी. डिजिटलसाठी फेसबुक पुढे, ३,९०० कोटी. तरी जिंकलं कोण? स्टार! कारण त्यांनी सगळं मिळून एकच आकडा टाकला, १६,३४७.५० कोटी, आणि तो वेगवेगळ्या सर्वोच्च बोलींच्या बेरजेपेक्षा जास्त निघाला. ऑफिसच्या सेक्रेट सँटामध्ये कुणीतरी सगळ्यांचीच गिफ्ट्स उचलून घरी जावं, तसं.

२०२२ मध्ये बोर्ड शहाणं झालं. एकत्र बोली बंद, टीव्ही वेगळा, डिजिटल वेगळं, आणि ऑनलाइन लिलाव. टीव्ही गेला डिस्ने स्टारकडे २३,५७५ कोटींना, भारतातलं डिजिटल वायकॉम १८ कडे २०,५०० कोटींना. सगळं मिळून पाच वर्षांचे ४८,३९० कोटी, ४१० मॅचेससाठी. एका मॅचचे ११८ कोटी. मॅचमध्ये बॉल २४०. म्हणजे एका बॉलची किंमत साधारण ४९ लाख रुपये! त्या बॉलवर फलंदाजाने नुसती बॅट आडवी केली, तरी.

मग दोन ओव्हर्समध्ये श्वास घ्यायच्या आत जाहिरात का येते, ते कळलं ना? हा पैसा कुठूनतरी वसूल व्हायचाय. एकतर आपल्या डोळ्यांतून, नाहीतर आपल्या खिशातून.

तरीही, बॉस, स्पर्धा होती तेव्हा मजा आपली होती. २०२३ ला जिओसिनेमाने आयपीएल फुकट दाखवलं. हॉटस्टारला घाम फुटला, त्यांनी एशिया कप आणि वर्ल्ड कप मोबाइलवर फुकट केला. अहमदाबादच्या फायनलला एकाच वेळी ५.९ कोटी लोक त्या ॲपवर होते. दोघं भांडत होते आणि आपण पॉपकॉर्न खात होतो.

कट टू २०२४. भांडणारे दोघं लग्नच करून मोकळे! ऑगस्टमध्ये स्पर्धा आयोगाने अटी घालून मंजुरी दिली, नोव्हेंबरमध्ये विलीनीकरण पूर्ण झालं आणि जिओहॉटस्टार हे ॲप आलं १४ फेब्रुवारी २०२५ ला. व्हॅलेंटाइन्स डे, आता बोला! बोर्डाने लिलावात जे मुद्दाम वेगळं केलं होतं, ते मांडवात एक झालं. आयपीएल, भारतातल्या मॅचेस, आयसीसीच्या स्पर्धा, सगळं एकाच घरात. सोनीकडे एशिया कप वगैरे उरलं. आणि फुकटचा सीझन संपला. २०२५ च्या आयपीएलला सबस्क्रिप्शन घ्या, नाहीतर ते देणारा रिचार्ज मारा.

रक्कम फार नाही, मान्य. आपण एका कॉफीला तेवढे उडवतो. पण उद्या ती वाढली तर आपण जाणार कुठे? आयपीएलचे सध्याचे हक्क २०२७ ला संपतात. त्या लिलावात समोर हात वर करणारा एकच असेल, तर बोर्डाचा पैसाही आटेल, आणि त्यातूनच रणजीच्या पोरांचं मानधन निघतं. लहरी लोकांच्या, असं कोर्ट म्हणालं होतं. पण मॅच आता लहरींवरून कमी आणि पासवर्डवरून जास्त येते, आणि त्याबद्दल कोर्टाने काही म्हटलेलं नाही.

परवा मॅच होती आणि बाबांचा फोन आला नाही. काळजी वाटली म्हणून मीच केला.

"बाबा, मॅच बघताय ना?"

"हो गं. आता विचारायला लागत नाही. सगळं एकाच ठिकाणी असतं."

थोडं थांबून म्हणाले, "अगदी दूरदर्शनच्या वेळेसारखं झालंय बघ. फक्त तेव्हा पैसे पडत नव्हते."