थंडीत सगळंच मंदावतं?

खारेपाटणात कुणालाही विचारा, हेलियम कुठे सापडला? उत्तर ठरलेलं : "आपल्या विजयदुर्गात!" खाडीच्या तोंडाशी किल्ला, किल्ल्यावर साहेबाचे ओटे, 18 ऑगस्टला हेलियम दिन. पण 1868 च्या त्या ग्रहणाच्या वेळी लॉकियरसाहेब होते इंग्लंडात! ती पिवळी रेषा त्यांनी तिथूनच, ऑक्टोबरमध्ये पाहिली. गोष्ट सोयीची असली की तपासायची गरज कुणाला वाटत नाही.

विज्ञान शिकवतानाही आपण हेच करतो, आणि माझं भांडण त्याच्याशी आहे. "तापमान 10 अंशांनी वाढलं की अभिक्रियेचा वेग दुप्पट", हे पोरांकडून घोकून घेतो. आर्‍हेनियसचं 1889 चं समीकरण उपयोगी आहे, वाद नाही. पण तेच खाली ताणत नेलं, तर अंतराळातल्या 10 केल्विनच्या (म्हणजे उणे 263 अंशांच्या) ढगांत बहुतेक रसायन ठप्प व्हायला हवं.

मोजून बघायचं तर पंचाईत अशी, की भांडं इतकं थंड केलं की वायू त्याच्या भिंतींवरच गोठतात. फ्रान्समधल्या बर्ट्रांड रो यांनी भांडंच काढून टाकलं! हेलियमसारखा वायू लाव्हाल नोझलमधून स्वनातीत वेगाने सोडला की तो पसरताना आपोआप थंड होतो. भिंतच नाही, तर गोठणार कशावर? मग एक लेसर त्या झोतात मुक्त मूलकं तयार करतो आणि दुसरा ती किती उरली ते मोजतो. सगळा मामला मायक्रोसेकंदांचा.

रेन आणि बर्मिंगहॅमच्या गटांनी 1994 साली सीएन मूलक आणि ऑक्सिजनची अभिक्रिया 13 केल्विनपर्यंत मोजून दाखवली. थंडी वाढली तसा वेग वाढतच गेला! 2013 साली लीड्सच्या गटाने तर ओएच आणि मिथेनॉलचा वेग 63 केल्विनला 200 केल्विनपेक्षा जवळजवळ शंभरपट मोजला. इथे वाटेत अडथळा आहे, तरीही. थंडीत दोन्ही रेणू एकमेकांना जास्त वेळ चिकटून राहतात, आणि तेवढ्यात हायड्रोजन अडथळ्याच्या आरपार निसटतो.

कुणी म्हणेल, शाळकरी पोरांना हे कशाला? नोझल शिकवा असं मी म्हणतच नाही. त्या घोकलेल्या वाक्याआधी फक्त "नेहमीच्या तापमानांना, बहुतेक वेळा" एवढं जोडा. त्याने परीक्षेचा एकही गुण जात नाही. उलट, नियम कुठपर्यंत तपासलाय हे विचारायची सवय लागते. ती सवय असती, तर ओट्यांवर साहेब कोण होता हेही आपण कधीच विचारलं असतं.