पुलापलीकडची पार्टी

थंडी पडू लागली, लग्नसराई सुरू झाली आणि वर्षअखेर जवळ आली की दवाखान्यात दोन प्रकारचे रोगी वाढतात. एक, जड जेवण अंगावर येऊन पोट धरून येणारे. दुसरे, रात्री गाडीवरून पडून ओठ फाटलेले, मनगट मोडलेले. पहिल्यांना गोळ्या आणि पथ्य सांगून घरी पाठवता येते. दुसऱ्यांपैकी काहींना सेवाग्राम किंवा सावंगीच्या रुग्णालयात हलवावे लागते. आजचा लेख या दुसऱ्या प्रकाराविषयी आहे.

आपला वर्धा जिल्हा गांधीजींच्या वास्तव्याने पावन झालेला. १९३६ साली ते सेवाग्रामला राहायला आले. त्या वारशाचा मान म्हणून १९७०च्या दशकापासून जिल्ह्यात दारूबंदी आहे. परंतु बंदीची हद्द नकाशावर संपते, माणसाची हौस तेथे संपत नाही. पुलगावहून नदी ओलांडली की अमरावती जिल्हा, देवळीच्या पुढे यवतमाळ, सेलूच्या पलीकडे नागपूर. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ साली बंदी आली आणि २०२१ मध्ये उठली. त्यामुळे वाढदिवस असो, नोकरी लागलेली असो की कापसाचे चुकारे हाती आलेले असोत, चार मित्र गाड्या काढतात आणि हद्दीबाहेरचा बार किंवा ढाबा गाठतात. जाताना उजेड असतो आणि शुद्धही असते. परतताना दोन्ही नसतात.

मोठ्या शहरांत हल्ली 'गॅस्ट्रोपब' नावाचा प्रकार निघाला आहे. त्याचे मूळ लंडनचे. १९९१ साली तेथील क्लर्कनवेल भागात 'द ईगल' नावाच्या पबमध्ये पेयाइतकेच महत्त्व चांगल्या, ताज्या जेवणाला देण्यात आले आणि हा शब्द रूढ झाला. पब म्हणजे मुळात 'पब्लिक हाऊस', चारचौघांचे घर. असे ठिकाण लोकांना का आवडते याचा विचार केला पाहिजे. नुसती दारूच हवी असती तर माणसाने बाटली घेऊन कोपरा गाठला असता. त्याला हवे असते टेबल, उजेड, गरम जेवण, ओळखीचा मालक आणि 'उठा आता' असे कोणी न म्हणणे.

एका तरुण रोग्याला मी विचारले, "अरे, वाढदिवसाला एवढ्या दूर कशाला जाता?" तो म्हणाला, "गावात बसाले जागाच कोठी हाये, डॉक्टरसाहेब? पोहे संपले का पोरगा टेबल पुसाले येते." मला त्याचे म्हणणे पटले. आपल्या तालुक्याच्या गावांत तर्री-पोह्याची आणि चहाची दुकाने भरपूर आहेत, पण रात्री आठनंतर आईवडील, बायको, पोरे आणि मित्र असे सारे मिळून दोन तास निवांत बसतील अशी स्वच्छ जागा शोधावी लागते. मग आनंदाचे दोन तुकडे होतात. पुरुष पुलापलीकडे, आणि ज्या आईने मुलाला शिकवून नोकरीला लावले ती घरी भात झाकून वाट पाहत बसलेली.

आता त्या परतीच्या वाटेचा हिशेब डॉक्टरी भाषेत मांडतो. पुष्कळांचा समज असा की बीअर हलकी असते. ६५० मिलिलिटरच्या, आठ टक्के तीव्रतेच्या 'स्ट्राँग' बाटलीत सुमारे ४० ग्रॅम मद्यार्क असतो. व्हिस्कीच्या ६० मिलिलिटरच्या मोठ्या पेगमध्ये सुमारे २० ग्रॅम. म्हणजे एक बाटली बरोबर दोन मोठे पेग. आपले यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम मद्यार्क निकाली काढते. म्हणजे एकाच बाटलीला चार-पाच तास लागतात. लिंबूपाणी, कॉफी, गार पाण्याची आंघोळ यांनी हा वेग वाढत नाही. पोटात अन्न असले तर दारू रक्तात हळूहळू शिरते एवढेच. शिरलेली दारू जेवणाने उतरत नाही. वाहन चालवणाऱ्याच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्यार्क आढळला तर मोटार वाहन कायद्याने तो गुन्हा आहे. पहिल्याच वेळी दहा हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. एका स्ट्राँग बाटलीने बहुतेक माणसे ही मर्यादा सहज ओलांडतात. 'मला चढतच नाही' हे म्हणणे मेंदूचे असते, आणि दारू प्रथम त्याच मेंदूचा तोल घालवते.

दारू नसली तरी रात्रीचा रस्ता धोक्याचा असतोच. २४ जानेवारी २०२२च्या रात्री सेलसुऱ्याजवळ पुलावरून गाडी कोसळली आणि वाढदिवस साजरा करून परतणारे सात वैद्यकीय विद्यार्थी गेले. त्या घटनेचा दारूशी संबंध जोडण्याचा माझा हेतू मुळीच नाही. अंधार, पूल, आडवे येणारे जनावर आणि झोपेची वेळ एवढेही पुरेसे असते. त्यात दारूची भर घालून काय होईल ते वाचकांनीच ठरवावे.

कोणी म्हणेल, मग बंदी उठवा, म्हणजे दूर जायला नको. मला हे पटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितले की दारूचे कोणतेही प्रमाण आरोग्याला सुरक्षित नाही. कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत तिची गणना १९८८ पासून होते. तसेच जिल्ह्यात चोरून मिळणारी दारू हाही मार्ग नव्हे. २०१५ साली मुंबईच्या मालवणीत मिथेनॉल मिसळलेल्या दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली. ती प्यायल्यावर डोळ्यांपुढे धुके येऊ लागले तर एक क्षणही न दवडता रुग्णालय गाठावे.

माझे म्हणणे वेगळे आहे. बंदी म्हणजे नुसता नकार. तिच्या जोडीला आपण लोकांना काही देऊ केले पाहिजे. आपल्या मातीत याची तयारी आहे. शेतात गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे, वांग्याची भाजी आणि वरण यांच्या पंगतीत जी मजा आहे ती कोणत्या बारमध्ये आहे? थंडीत ज्वारीचा हुरडा, घरी गोळाभात, पाटोडी-रस्सा. हेच पदार्थ, तेल-तिखट थोडे आवरून, गावातल्या एखाद्या हॉटेलवाल्याने रात्री दहापर्यंत प्रेमाने वाढले, दोन टेबले कुटुंबांसाठी ठेवली, स्वच्छ प्रसाधनगृह केले, तर गिऱ्हाईक पुलापलीकडे का जाईल? नगरपालिकांनी आणि व्यापारी मंडळींनी यावर विचार करावा. यात धंदाही आहे.

तोवर काही गोष्टी पदरात बांधून ठेवा.

१. पिऊन आलेल्याच्या हाती किल्ली देऊ नका आणि त्याच्या मागे बसू नका. रात्र तेथेच काढलेली बरी.

२. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने उपाशीपोटी प्यायल्यास साखर धोकादायक उतरते. तो बरळतो, घामाघूम होतो आणि लोक त्याला दारूडा समजून झोपू देतात.

३. डोक्याला मार लागलेला, उठवूनही न उठणारा किंवा घरघर श्वास घेणारा माणूस 'उतरेल सकाळी' म्हणून सोडू नका. त्याला कुशीवर वळवा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.

४. झोपेच्या गोळ्या आणि दारू एकत्र कधीही नको.

५. दारू सोडायची इच्छा असेल तर लाजू नका. रोज पिणाऱ्याने एकदम बंद करण्यापूर्वी डॉक्टरांना भेटावे. अचानक बंद केल्याने झटके येऊ शकतात. टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर सल्ला विनामूल्य मिळतो.

यंदा घरात कोणाचा वाढदिवस असेल, निकाल लागला असेल, तर घरच्या सर्वांना, विशेषतः रोज स्वयंपाक करणाऱ्या बाईला, बसवून तिला कोणी तरी वाढा. मित्रांनाही तेथेच बोलवा. रात्री त्यांना दारापर्यंत सोडायला जाल तेव्हा प्रत्येक जण शुद्धीवर घरी पोहोचणार आहे, याची खात्री तुम्हाला असेल.