विश्लेषण : आणीबाणीचे दार कुणाच्या हाती? विज्ञानकथेतील याने इंटरनेट स्वातंत्र्याबद्दल काय सांगतात?

‘स्टार ट्रेक’मधील ‘एंटरप्राइज’ सरस की ‘स्टार वॉर्स’मधील ‘मिलेनियम फाल्कन’, हा वाद तंत्रवेड्यांच्या जगात कधीच मिटत नाही. बाहेरच्याला तो पोरकट वाटतो. पण नीट ऐकले तर भांडण दिसण्यावरून नसते. यानाचे दार कुणाच्या हुकमाने उघडते, बिघाड झाल्यास दुरुस्ती कोण करणार, एक भाग निकामी झाला तर उरलेले यान चालेल का, असे त्यातले प्रश्न असतात. इंटरनेटच्या स्वातंत्र्याचा वादही याच प्रश्नांभोवती फिरतो.

यानाची रचना म्हणजे निव्वळ देखावा का नाही?

१९६६ मध्ये छोट्या पडद्यावर आलेल्या ‘एंटरप्राइज’चे रेखाटन मॅट जेफ्रीज यांनी केले. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी बॉम्बफेकी विमानांतून उड्डाणे केली होती. इतकी शक्तिशाली इंजिने धोकादायक असणार, म्हणून त्यांनी ती माणसांच्या वावरापासून दूर ठेवली. दुरुस्तीसाठी कुणाला बाहेरच्या पोकळीत जावे लागू नये, म्हणून यंत्रे आत घेतली आणि बाहेरचा पृष्ठभाग गुळगुळीत ठेवला. दोन वर्षांनी आलेल्या ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’ चित्रपटातील ‘डिस्कव्हरी’ यानातही माणसे पुढच्या गोलात आणि अणुइंजिन लांब कण्याच्या दुसऱ्या टोकाला आहे.

म्हणजे कल्पनेतल्या यानाचा आराखडाही काही निर्णय आधीच घेऊन टाकतो. कोण सुरक्षित, कोण परावलंबी, संकटात कुणाकडे कोणता पर्याय उरेल, हे नियमपुस्तिकेच्या आधी रचनेत ठरते.

‘हॅल’च्या प्रसंगातून काय शिकायचे?

‘डिस्कव्हरी’चा सगळा कारभार ‘हॅल ९०००’ या संगणकाकडे असतो. यानाबाहेर गेलेला अंतराळवीर डेव्ह बोमन परततो, तेव्हा हॅल दार उघडायला नकार देतो. ‘यंत्र माणसावर उलटले’ एवढाच अर्थ या प्रसंगातून सहसा काढला जातो. तंत्रवेड्यांचे लक्ष मात्र पुढच्या तपशिलाकडे जाते. यानाला आणीबाणीचे आणखी एक दार असते आणि ते हॅलच्या परवानगीशिवाय उघडता येते. बोमन शिरस्त्राणाविना त्यातून आत येतो आणि हॅलच्या स्मृतीचे कप्पे एकेक करून हातांनी काढतो.

हॅल दुष्ट होता की गोंधळलेला, यावर हवा तितका खल करता येईल. बोमन वाचला तो हॅलच्या चांगुलपणामुळे नाही. आराखड्यात कुणीतरी हाताने उघडणारे दार ठेवले होते, म्हणून वाचला.

इंटरनेटची मूळ रचना कशी होती?

पॉल बॅरन या अभियंत्याने १९६४ मध्ये संपर्कजाळ्यांचे तीन प्रकार मांडले : एकच केंद्र असलेले, काही मोजकी केंद्रे असलेले आणि माशांच्या जाळीसारखे सर्वत्र विखुरलेले. तिसऱ्यात काही गाठी तुटल्या तरी संदेश दुसऱ्या वाटेने पोहोचतो. १९८४ मध्ये सॉल्टझर, रीड आणि क्लार्क या संशोधकांनी आणखी एक तत्त्व सविस्तर मांडले : जाळ्याने शक्यतो फक्त वाहतूक करावी, अक्कल दोन्ही टोकांच्या यंत्रांत असावी. टपालवाल्याने पाकीट पोहोचवावे, ते फोडून मजकुरावर निर्णय घेऊ नये, असा त्याचा व्यवहारातला अर्थ.

या रचनेमुळेच कुणाची परवानगी न घेता नवी सेवा सुरू करता येत होती. ८ फेब्रुवारी १९९६ रोजी जॉन पेरी बार्लो यांनी दावोसमधून सायबरविश्वाच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा काढला. सरकारांची या जगावर सत्ता चालणार नाही, असा त्याचा सूर होता. आज तो भाबडा वाटतो, कारण यानाला कवच असते तसे इंटरनेटलाही तारा, मनोरे आणि परवाने असतात. ते जमिनीवर असतात आणि जमिनीवर सरकार असते.

मग दारे बंद कशी झाली?

जानेवारी २०११ मध्ये इजिप्तमध्ये आंदोलन पेटल्यावर तिथल्या सरकारने जवळपास संपूर्ण देशाचे इंटरनेट सुमारे पाच दिवस बंद पाडले. सेवा देणाऱ्या कंपन्या मोजक्याच असल्याने ते जमले. कागदावर जाळे विखुरलेले होते, व्यवहारात कळा चार-दोन हातांत होत्या.

हे केवळ सरकारांपुरते नाही. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी देखभालीच्या कामातील चुकीमुळे फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप जगभर सुमारे सहा तास ठप्प झाले. कंपनीची अंतर्गत साधनेही त्याच जाळ्यावर अवलंबून होती. अभियंत्यांना प्रत्यक्ष यंत्रांपर्यंत पोहोचायलाही वेळ लागला. हॅल नसतानाही दार अडले होते.

विकेंद्रीकरण झाले की स्वातंत्र्य आले का?

इथे तंत्रवेड्यांचा लाडका युक्तिवाद अपुरा पडतो. ‘स्टार ट्रेक’मधील ‘बोर्ग’ जमातीचे घनाकृती यान पूर्णपणे विकेंद्रित आहे. त्यात मुख्य नियंत्रण कक्ष नाही आणि मोठा भाग उडवला तरी ते चालत राहते. पण त्यातल्या एकालाही स्वतःचे मत नाही. टिकाऊ रचना आणि मुक्त रचना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हा फरक भारताने एकदा नेमका ओळखला. निवडक संकेतस्थळे फुकट देणारी फेसबुकची ‘फ्री बेसिक्स’ योजना गरिबांच्या भल्याची म्हणून पुढे आली. जाळे चालूच राहणार होते, फक्त कुठे जायचे ते दुसरे कुणी ठरवणार होते. नेट समानतेच्या बाजूने दहा लाखांहून अधिक ई-मेल ‘ट्राय’कडे गेले आणि ८ फेब्रुवारी २०१६ रोजी, बार्लो यांच्या जाहीरनाम्याला बरोबर वीस वर्षे होत असताना, ‘ट्राय’ने मजकुरानुसार वेगवेगळे दर आकारण्यास मनाई केली. जाहीरनाम्याने जे साधले नाही, ते एका रूक्ष नियमाने साधले.

भारतात कळ कुणाच्या हाती?

ऑगस्ट २०१९ मध्ये जम्मू-काश्मीरमधील संपर्कसेवा बंद करण्यात आल्या. फोर-जी सेवा पूर्णपणे परत यायला फेब्रुवारी २०२१ उजाडला. दरम्यान, १० जानेवारी २०२० रोजी अनुराधा भसीन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बेमुदत इंटरनेटबंदी चालणार नाही, आदेश प्रसिद्ध झाले पाहिजेत आणि त्यांचा आढावा घेतला गेला पाहिजे, असे बजावले. आता एका आदेशाची मुदत १५ दिवसांपेक्षा अधिक ठेवता येत नाही. तरीही बंदीचा मोह सुटलेला नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये राजस्थानात शिक्षक पात्रता परीक्षेतील कॉपी रोखण्यासाठी अनेक जिल्ह्यांत मोबाइल इंटरनेट बंद ठेवले गेले. कॉपी काहींनी करू नये म्हणून रिक्षावाल्यापासून औषध दुकानदारापर्यंत सगळ्यांचे व्यवहार अडले.

अफवा आणि हिंसाचाराचे काय?

सरकारची चिंता खोटी नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेतून जमावाने पाच निरपराध भिक्षेकऱ्यांना ठेचून मारले. अशा अफवा व्हॉट्सअ‍ॅपवरून पसरत होत्या. ‘स्वातंत्र्य’ एवढा शब्द उच्चारून या पाच जिवांचे उत्तर देता येत नाही.

पण त्यानंतर काय झाले, तेही पाहावे. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा आणण्याचे जाहीर केले. अफवा त्याने संपल्या नाहीत, मात्र त्यांची धाव मंदावण्यासाठी कुणाचे तोंड बंद करावे लागले नाही. शिवाय इंटरनेट बंद असताना पोलिसांचा खुलासाही लोकांपर्यंत पोहोचत नाही, तोंडी अफवा मात्र फिरत राहते. यानाच्या एका कप्प्यात आग लागली तर तो कप्पा बंद करतात, संपूर्ण यानाची हवा सोडून देत नाहीत.

पुढे काय हवे?

प्रत्येक बंदीचा आदेश कारणांसह आणि वेळेत प्रसिद्ध व्हावा. आढावा समितीत केवळ सरकारी अधिकारी नसावेत, कारण आदेश देणारा आणि तपासणारा एकाच घरचा असेल तर तपासणीला अर्थ उरत नाही. बंदीच्या काळातही रुग्णालये, बँका आणि आणीबाणीच्या सेवा चालू राहतील, अशी तरतूद आधीच असावी. कंपन्यांच्या बाबतीत, आपली माहिती घेऊन दुसऱ्या सेवेकडे जाण्याची सोय ग्राहकाला हवी.

यातले काहीही विज्ञानकथेइतके थरारक नाही. पण आणीबाणीचे दार यान बांधतानाच ठेवावे लागते. हॅलने नकार दिल्यानंतर ते बसवता आले नसते.