फॅनचा फंडा

‘जगात जर्मनी, भारतात परभणी!’ हे वाक्य आम्हा परभणीकरांना तोंडपाठ. बाकी कशात असो-नसो, हवामानात आमचा नंबर नक्की लागतो. मे महिन्यात पारा ४४च्या पुढे, आणि डिसेंबर-जानेवारीत कधी कधी थेट ५ अंशांच्या आसपास! पुण्यात नोकरी, ईएमआयवर टर्बो हॅचबॅक आणि वर इंजिन रिमॅप केलेलं... अशा मंडळींनी सुट्टीत गावी जाणं म्हणजे इंजिनाची परीक्षाच.

माझा मावसभाऊ यातलाच. गेल्या मेमध्ये लग्नासाठी निघाला. हायवेवर गाडी मस्त. जिंतूरमध्ये वरातीमागे अडकला, एसी फुल्ल, आणि काटा सरकला की वर! मागच्या सीटवर मावशी आणि तिची सहा महिन्यांची नात. गाडी वेळेवर बंद केली म्हणून निभावलं. दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये सल्ला मिळाला, ‘थर्मोस्टॅट काढून टाकू, फॅन डायरेक्ट करू. टेन्शन खल्लास!’ लगेच मला फोन, ‘ताई, करू का?’ हा कॉलम लिहायला लागल्यापासून घरात मीच मेकॅनिक ना!

म्हटलं, थांब. आधी फंडा समजून घे. थर्मोस्टॅट म्हणजे मेणावर चालणारा वॉल्व्ह. इंजिन साधारण ८७ ते ९५ अंशांपर्यंत तापलं की तो उघडायला लागतो आणि कूलंट रेडिएटरकडे सोडतो. म्हणजे इंजिन किती थंड राहू शकतं, हे तो ठरवतो. किती तापेल, हे नाही! एकदा पूर्ण उघडला की त्याची ड्युटी संपली. ट्रॅकवाले कमी तापमानाचा थर्मोस्टॅट बसवतात, त्याने सुरुवात थोडी थंड होते, एवढंच. आणि काढूनच टाकला तर परभणीच्या थंडीत इंजिन तापायलाच वेळ लागेल. तोवर ईसीयू जास्त पेट्रोल ओतणार, मायलेज पडणार, झीज वाढणार.

उन्हाळ्यातला खरा हिरो फॅन. गाडी पळताना समोरून वारा मिळतो, उभी राहिली की सगळी भिस्त फॅनवर. गणित सोपं आहे. कूलंट ९५ अंश आणि बाहेर ३० असेल तर फरक ६५चा. बाहेर ४५ झाले की ५०चाच. म्हणजे तोच रेडिएटर जवळपास पाव उष्णता कमी फेकतो. त्यात रिमॅपमुळे इंजिन जास्त उष्णता तयार करणार. म्हणून ट्यूनरला फॅन काही अंश आधी सुरू करायला सांगणं शहाणपणाचं. पण थर्मोस्टॅट उघडायच्या आधी नको. तेव्हा रेडिएटरमध्ये गरम कूलंट पोचलेलंच नसतं, फॅन उगाच फिरत राहतो.

भावाच्या गाडीत निघालं काय? फॅनचा हाय स्पीडचा रिले गेलेला. काही शे रुपयांचं काम! थर्मोस्टॅट जागच्या जागी राहिला.

तेव्हा गावी निघण्याआधी गाडी उभी ठेवून एसी लावा आणि फॅन फिरतोय का बघा. रेडिएटरमधली धूळ साफ करून घ्या. कूलंटची लेव्हल तपासा. वाटेत काटा चढलाच तर एसी बंद, हीटर फुल्ल, गाडी बाजूला. आणि गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही म्हणजे नाही! आत प्रेशरखाली शंभरच्या वर तापलेलं पाणी असतं, ते थेट अंगावर येतं.

रिमॅपचे फोटो मित्रांना दाखवाच. पण मागच्या सीटवर मावशी असेल, तर आधी फॅन बघा!